माझ्या तळहाताचा पुठ्ठा

गडद निळ्या जीन्सवर पांढरं काहीही लपत नाही. धाग्याचं टोक असो, कापड कापणाऱ्या मास्टरच्या खडूची रेघ असो, नाहीतर माझ्या कोपरावरून गळलेला पापुद्रा असो. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये एका छोट्या जीन्सच्या कारखान्यात मी चेकिंगला होते. टेबलावर पॅन्टींचा ढीग, हातात कात्री, आणि काम एवढंच की शिलाई सुटलीय का, खिसा वाकडा बसलाय का, डाग पडलाय का हे बघून माल पास करायचा. दुसऱ्याच्या चुका काढण्याचं हे काम मला मनापासून आवडायचं. माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की ते मी घरी आल्यावरही बंद करत नाही. पण पास केलेल्या पॅन्टीवर माझाच पापुद्रा पडला की जीव अर्धा व्हायचा. मी इकडेतिकडे बघून तो फुंकरीनं उडवायचे आणि पुढची पॅन्ट ओढायचे.

धाकट्या मुलाच्या बाळंतपणानंतर मला सोरायसिस सुरू झाला. आधी कोपरं, मग गुडघे, मग कंबर, डोकं, आणि शेवटी हातांची मागची बाजू, अगदी बोटांच्या पेरांपर्यंत. लाल, जाड चट्टे आणि त्यावर चंदेरी पापुद्रे. तळहात मात्र स्वच्छ राहिले. हा आजार लागत नाही हे पहिल्याच डॉक्टरनं सांगितलं होतं, ते मला पटलंही होतं. पण मला पटून काय उपयोग? शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या बाईला ते कोण सांगणार? मी पूर्ण बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले, वरून ओढणीसारखा पदर घेऊ लागले, आणि भर उन्हाळ्यात अंबरनाथच्या बुवापाड्यातून उल्हासनगरला जाताना घामानं निथळू लागले. लोकांना वाटायचं बाई फार सोज्वळ आहे.

त्यातच एका चुलत दिराच्या हळदीला गेले होते. आमची लग्नं बौद्ध पद्धतीनं, विहारात, वंदना म्हणून होतात, नवरी पांढरी साडी नेसते. पण आदल्या दिवशीची हळद काही आमच्या बायकांनी सोडलेली नाही. वाटी फिरत फिरत माझ्याकडे आली. मी बोट बुडवणार, तेवढ्यात एका चुलत सासूबाईंनी ती माझ्या हातातून अलगद काढून घेतली. "राहू दे, तू चहाचं बघ," म्हणाल्या. आवाजात साखर होती. कुणाला काही वावगं वाटलं नसेल. मी उठले आणि चहाचं बघायला गेले, आणि त्यानंतरच्या प्रत्येक कार्यात चहा माझ्याकडेच राहिला. आमच्या नात्यात माझ्या चहाचं फार कौतुक आहे, आणि का नसावं, सराव तेवढा झालाय.

हे सगळं असंच चालत राहिलं असतं. पण दोन हजार चार-पाचच्या सुमाराला माझ्या नणंदेचं लग्न ठरलं. मुलगा बदलापूरचा, शिरगावातला, कुरिअरच्या ऑफिसात नोकरीला. मी लग्न होऊन आले तेव्हा ही पोरगी शाळेत जात होती. तिच्या दोन वेण्या मी घातल्या, तिचे डबे मी भरले, आणि दहावीला गणितात नापास झाली तेव्हा सासूबाईंच्या तावडीतून तिला मीच सोडवलं. आमच्याकडे नवरीला पहिली हळद लावते ती थोरली वहिनी. म्हणजे मी. तो मान मला हवा होता. साडी नको, आहेर नको, पण त्या पोरीच्या गालाला पहिला हात माझा लागला पाहिजे असं मला फार वाटत होतं. आणि त्याच वेळी, भरल्या मांडवात पुन्हा कुणी माझ्या हातातून वाटी काढून घेतली तर काय, हा विचार पाठ सोडत नव्हता. लग्न उन्हाळ्यात होतं. तोवर हात तरी बरे होऊ देत म्हणून मी कॅम्प तीनमधल्या एका त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. सोबत सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. त्या मूळच्या नगरकडच्या. मुंबईजवळ येऊन तीस वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच राहिलं.

डॉक्टर तरुण सिंधी बाई होत्या. मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात कालवून बोलायच्या, आणि तेही भरभर. त्यांनी मला दिव्याखाली उभं केलं आणि म्हणाल्या, "हात दाखवा. उलटा नाही, सीधा."

मी तळहात पुढे केला.

"हे बघा, बोटं जोडून तुमचा हा पूर्ण हात म्हणजे तुमच्या बॉडीचा एक टक्का. मेरा हाथ मेरे लिए, तुम्हारा तुम्हारे लिए. आता आपण मोजू, तुमच्या अंगावर तुमचे किती हात बसतात."

मग त्यांनी माझ्या अंगावरचे चट्टे माझ्याच हाताच्या मापानं मोजले. लालीला मार्क दिले, जाडीला दिले, पापुद्र्याला दिले. डोकं वेगळं, हात वेगळे, पाठ-पोट वेगळं, पाय वेगळे. शाळेत मला कधी इतक्या विषयांत मार्क पडले नव्हते. इथं फक्त जितके कमी तितकं चांगलं. नऊ हात भरले. "बॉर्डरवर आहे," त्या म्हणाल्या. "दहाच्या वर असतं तर मी लगेच लाइट चालू केली असती." लाइट म्हणजे त्यांच्या मागच्या खोलीतलं कपाटाएवढं मशीन. आत उभं राहायचं आणि निळसर उजेड अंगावर घ्यायचा. "पण आजार कितना है, हे एक. त्याचा तुम्हाला त्रास किती, हे दुसरं. ते पण मोजते मी."

आणि त्यांनी एक कागद काढून प्रश्न विचारायला सुरुवात केली. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे किती लाज वाटली? बाजारात जायला अडचण आली? कपडे निवडताना? लोकांत मिसळताना? प्रत्येकाला उत्तर ठरलेलं: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. आता आमच्या घरातली शिकवण अशी, की कुणी मोठ्या माणसानं कसं काय विचारलं तर बरं आहे म्हणायचं. रडगाणं गायचं नाही. त्यात आत्या शेजारच्या खुर्चीवर. मी आपलं अजिबात नाही, अजिबात नाही करत सुटले. नवऱ्याशी जवळीक करताना काही अडचण, असा प्रश्न आला तेव्हा आत्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे इतकं निरखून बघितलं की जणू त्यांना सगळ्या तिथ्या पाठ करायच्या होत्या. मी जरा मोठ्यांदाच म्हटलं, अजिबात नाही.

डॉक्टरांनी बेरीज केली. "फारच छान. तुमचा त्रास जवळजवळ शून्य. मग आधी मलम लावून बघू."

बाहेर आल्यावर मला पेपर चांगला गेल्यासारखं वाटत होतं.

ते हाताचं माप मात्र माझ्या डोक्यात बसलं. महिन्याभरानं दाखवायचं होतं. तोवर घरी मोजावं म्हटलं, पण स्वतःच्या पाठीवर स्वतःचा हात कसा ठेवणार? मी कारखान्यात कटिंग मास्टरला सांगितलं की माझ्या हाताचा पुठ्ठ्याचा पॅटर्न काढून द्या. आमच्या धंद्यात कुठल्याही गोष्टीचा पॅटर्न निघतो, खिशाचा, पट्ट्याचा, चेनच्या झाकणाचा. मास्टरनं कशाला हवा असं विचारलंसुद्धा नाही. पेन्सिल फिरवली, कात्री चालवली आणि पुठ्ठा हातात ठेवला.

रविवारी दुपारी दार लावून मी पालथी पडायचे आणि आत्या माझ्या पाठीवर, कमरेवर, पायांवर तो पुठ्ठा ठेवत मोजणी करायच्या. पहिल्याच रविवारी साडेसहा हात भरले.

"उतरलं की गं पोरी," आत्या म्हणाल्या. "मलम लई गुणाचं हाय."

पुढच्या रविवारी सहा. माझा आनंद गगनात मावेना. नवरा कामावरून आला की आधी विचारायचा, "आज किती हात?" आत्यांना तर त्या पुठ्ठ्याचा नादच लागला. चादरीवरचा चहाचा डाग त्यांनी मोजला, अर्धा हात. न्हाणीघराच्या भिंतीवरची ओल मोजली, ती बारा हात निघाली, आणि ते नवऱ्याला तीनतीनदा ऐकवलं. नणंद म्हणायची, "वहिनी, माझ्या सासरी रुखवतात हा पुठ्ठा द्या, आत्तापासून सवय झालीय." त्या महिन्यात आमचं घर फार हसलं. मी मनातल्या मनात हळदीची वाटी हातात धरूनही पाहिली.

महिना झाला, आम्ही दोघी ऐटीत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मोजलं. नऊ.

"असं कसं?" मी म्हटलं. "घरी तर सहा भरतात."

"घरी कसं मोजलं?"

मी पिशवीतून पुठ्ठा काढला. डॉक्टरांनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "यावर हात ठेवा." मी ठेवला. माझ्या हाताभोवती सगळीकडून पुठ्ठा बाहेर डोकावत होता, व्यवस्थित, एकसारखा, अर्धा अर्धा इंच. मी बघितलं आणि त्याच क्षणी ओळखलं. मास्टरनं शिलाईत आत जाणारं मार्जिन धरून कापला होता. ज्या बाईला शेठ डोळ्यांत तेल घालून माल तपासायला ठेवतो, तिनं महिनाभर स्वतःचा हात अर्धा इंच मोठा वापरला होता. पुढं मी मास्टरला हे सांगितलं तेव्हा त्याला त्यात काही चूकच दिसेना. "पैटर्न में मार्जिन तो आता ही है," तो म्हणाला. "बिना मार्जिन के सिलोगी कैसे?"

डॉक्टर इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं. मला हसू येईना. सहा हात गेले, नऊ परत आले, आणि लग्न जवळ येत होतं. डॉक्टरांनी पुन्हा तो प्रश्नांचा कागद पुढे ओढला. गेल्या आठवड्यात त्वचेमुळे किती लाज वाटली?

"अजिबात नाही," मी म्हटलं.

"लोकांत मिसळताना?"

"अजिबात नाही."

"लाज वाटंल कुठनं?" आत्या अचानक म्हणाल्या. कॅलेंडर सोडून त्यांनी खुर्चीच वळवली. "म्याडम, ती कुठं जातीय का? कामावर जाती आन् घरी येती. लग्नाला गेली तर चुलीपशी बसती. हळदीत हात घालीत नाय. आर्ध्या बाहीचा ब्लाउज घालून किती वरसं झाली इचारा तिला. जी बाहीरच पडत नाय तिला काय तरास व्हनार?"

मला आत्यांचा राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. मला वाटत होतं हे सगळं फक्त मला माहीत आहे. चहाचं मी आवडीनं बघते असं मी घरी सगळ्यांना पटवलं होतं, आणि ही बाई इतकी वर्षं गप्प बसून सगळं बघत होती.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही हळदीत हात का नाही घालत?" त्यांनी मला हळू आवाजात विचारलं. मग मी वाटीची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली. नणंदेचं लग्न आहे, पहिली हळद माझी आहे, हेही सांगितलं.

"कागदावर हे येत नाही," त्या म्हणाल्या. "कागद विचारतो गेल्या आठवड्यात काय झालं. जो आपने करना ही छोड़ दिया, वो उसको कैसे पता? पण मला आता पता आहे ना. लाइट सुरू करू."

मग मी कामावरून सुटले की आठवड्यातून तीनदा त्या कपाटात उभी राहू लागले, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. आत निवांत वाटायचं. घरात, कामावर, रिक्षात मला असा एकटा वेळ कधी मिळत नव्हता, त्यामुळे त्या उजेडाची मी वाट बघायला लागले. आत्यांनी माझा हात जमिनीवर ठेवून, पेन्सिल फिरवून, भाजीच्या कात्रीनं पुठ्ठा नीट छाटला. आता माप खरं होतं आणि हळूहळू खरोखर उतरत होतं. आठ, सात, पाच. पाठ मोकळी झाली, गुडघे नितळ झाले. सगळ्यात हट्टी निघाले ते हात. हळदीच्या दिवशी घरी मोजलं तर सगळ्या अंगाचे मिळून चार हातही नव्हते, पण जे उरलं होतं त्यातलं बरंचसं बोटांच्या पेरांवर आणि कोपरांवर, जिथं सगळ्यांची नजर जाते तिथंच.

संध्याकाळी मांडवात बायका जमल्या. ती चुलत सासूही आली होती. नणंद पाटावर बसली, कुणीतरी गाणं सुरू केलं, आणि मी चहाचं आधण ठेवायला आत गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं. पाय आपोआप तिकडे वळले. बाहेरून हाक आली, "वहिनी कुठंय? वाटी फिरवायचीय." मी आतून ओरडले, "हात ओले आहेत, तुम्ही घ्या लावून."

थोडा वेळ गाणं चाललं, मग मध्येच थांबलं. मी वळून बघितलं तर नणंद स्वयंपाकघराच्या दारात. नवरी पाटावरून उठली म्हणून मागं बायकांचा गलका चाललेला. तिच्या एका हातात हळदीची वाटी, दुसऱ्या हातात पाट. तिनं गॅसच्या ओट्यापाशी पाट टाकला, त्यावर फतकल मारून बसली आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"पुस हात," ती म्हणाली. "मी थांबते."

मी पदराला हात पुसले. बाह्या वर केल्या, कारण हळद लागली असती. नंतर लक्षात आलं की कोपरं उघडी पडली, पण तोवर माझी बोटं वाटीत गेली होती. मी तिच्या दोन्ही गालांना हळद लावली, कपाळाला लावली, गळ्याला लावली. ती डोळे मिटून हसत होती, मी रडत होते, आणि मागे चहा उतू जात होता. आत्यांनी पुढे होऊन गॅस बंद केला. "बाकीच्यांनी पन हितंच या आता," त्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या. "नवरी काय दोनदा उठायची न्हाई."

बायका एकेक करून आमच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात आल्या. चुलत सासूबाईही आल्या. त्यांनी वाटीत बोट घातलं नाही, आंब्याच्या पानाचं टोक बुडवलं आणि त्यानं हळद लावली. लावली तर खरी. त्यांना चहा मी नेहमीपेक्षा जास्त साखर घालून दिला.

दुसऱ्या दिवशी शिरगावच्या हॉलमध्ये लग्न झालं. मी पांढरी साडी नेसले होते आणि अर्ध्या बाह्यांचा ब्लाउज. पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही हा आमच्या लग्नांचा एक फायदा मला इतक्या वर्षांनी कळला. तरी हात दिसत होतेच. मुलाकडच्या एका बाईनं जेवणाच्या पंगतीत विचारलं, "हाताला भाजलं का?" दुसरीनं आपल्या पोराला माझ्या जवळून उठवून पलीकडे बसवलं. आहेर देताना एक आजी माझ्या बोटांकडे टक लावून बघत राहिल्या. दर वेळी कानशिलं तापली, दर वेळी हात पदराखाली घ्यावा वाटला. पण वाढायला माणसं कमी होती, आणि श्रीखंडाचं पातेलं एका हातानं उचलत नाही. रात्री घरी आले तेव्हा पाय दुखत होते, चेहरा हसून हसून आखडला होता. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मोजलं, मान डोलावली. लाली कमी, जाडी कमी, पापुद्रे जवळजवळ नाहीत. चार हातांच्या आत. मग त्यांनी कागद घेतला.

"गेल्या आठवड्यात त्वचेमुळे लाज वाटली?"

"खूप," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. मग पुढचा प्रश्न विचारला. कपडे निवडताना? बरंच. लोकांत मिसळताना? खूप. दुसऱ्यांच्या वागण्याचा त्रास? खूप. मी फटाफट उत्तरं देत होते आणि आत्या शेजारी बसून प्रत्येक उत्तराला मान हलवत होत्या. डॉक्टरांनी बेरीज केली, पुन्हा एकदा केली, आणि माझा जुना कागद काढून शेजारी ठेवला.

"हे काय?" त्या म्हणाल्या. "आजार आधा हो गया, आणि त्रास इतका वाढला? झालं काय या आठवड्यात?"

"नणंदेचं लग्न होतं," मी म्हटलं. "मी गेले होते."